पोस्टर खालून वाचा

लकडगंजात रविवारी आरा मशीन बंद असतात. आठवड्यातल्या त्या एका दिवशी इथं माणसं न ओरडता एकमेकांशी बोलू शकतात. आमची टोळी तरीही ओरडूनच बोलते. जागा ठरलेली, तर्री-पोह्याचा ठेला. विषयही ठरलेला: यंदा मुंबईला कुठला रॉक बँड येणार, खरं तर कोण यायला हवं, आणि नुकताच आलेला अल्बम ऐकण्यालायक आहे की भंगारात घालण्यालायक. टोळीत मी वयानं थोरला, पन्नाशीला टेकलेला, वडिलांची लाकडाची वखार चालवणारा. एक जण बँकेत, एक मिहानमधल्या कंपनीत, दोघं कॉलेजात आणि एक माझाच भाचा. प्रत्येकाच्या खिशात आपापली यादी. जणू आयोजक सोमवारी सकाळी फोन करून विचारणार आहेत, की भाऊ, तुमचं काय म्हणणं आहे?

"मामा, पाहा तुम्ही, पुढच्या साली टूल येतेच," भाचा म्हणतो.

"येते म्हणे! तुले काय त्यांनी चिठ्ठी पाठवली का बे?" बँकवाला.

हा वाद फुकटचा असतो, त्यातून काही निष्पन्न होत नाही, आणि मी तो एकही रविवार चुकवत नाही. रॉक ऐकणाऱ्या माणसाला बोलायला माणसं लागतात. क्रिकेटवर रिक्षावाल्याशीही बोलता येतं. टूलच्या तेरा वर्षांनी आलेल्या 'फिअर इनॉक्युलम'वर बोलायला अख्ख्या पूर्व नागपुरात आठ-दहा डोकी मिळाली तरी नशीब. पण या वादाची दिशा चुकते आहे असं मला वाटू लागलंय, आणि ते जरा जाहीरपणे बोलावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी अल्बमचं बोलू, कारण तिथं आमचं कधीच जमत नाही. लिंकिन पार्कचा 'फ्रॉम झीरो' २०२४ च्या नोव्हेंबरात आला. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ च्या जुलैत गेला. त्यानंतर सात वर्षांनी एमिली आर्मस्ट्राँग या गायिकेला घेऊन बँड पुन्हा उभा राहिला. भाच्याचं म्हणणं, चेस्टर नाही तर तो बँड नाही, नाव बदला आणि काय वाजवायचं ते वाजवा. मला हे पटत नाही. एसी/डीसीचा बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत वारला आणि त्याच वर्षी जुलैत नवा गायक ब्रायन जॉन्सन घेऊन त्यांनी 'बॅक इन ब्लॅक' काढला. तो ऐकताना आज कुणी नाव बदला म्हणत नाही. एमिलीचा आवाज चेस्टरची नक्कल करत नाही, हीच त्या अल्बमची जमेची बाजू. दुसरी जमेची बाजू म्हणजे तो बत्तीस मिनिटांत आटपतो.

हे दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. मेटॅलिकाचा '७२ सीझन्स' २०२३ च्या एप्रिलमध्ये आला, तो सत्त्याहत्तर मिनिटांचा. त्यात चांगली गाणी आहेत, नाही असं नाही. पण साल, गाठी, चिरा सगळ्यासकट ओंडका गिऱ्हाइकाच्या अंगणात आणून टाकावा, तसा तो अल्बम आहे. कुणीतरी करवत चालवायला हवी होती. मिहानवाला यावर चिडतो. त्याच्या मते मोठ्या बँडला वेळ मागण्याचा हक्क आहे, आणि आयर्न मेडनचा 'सेनजुत्सु' ऐंशी मिनिटांच्या वर आहे, त्याला तुम्ही काही म्हणत नाही. म्हणत नाही, कारण मेडनवाल्यांना लांब गाणं पेलतं.

लांबीचं हे वेड माझ्या डोक्यात कॅसेटच्या काळापासून बसलंय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सीताबर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांकडे एका दुकानात कॅसेट भरून मिळायची. आपण कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट न्यायची, दुकानदाराच्या वहीतून दोन अल्बम निवडायचे आणि आठ दिवसांनी जायचं. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. आयर्न मेडनचा 'नंबर ऑफ द बीस्ट' जेमतेम चाळीस मिनिटांचा, तो एका बाजूवर निवांत बसायचा. मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' पंचावन्न मिनिटांचा, तो काही बसायचा नाही. त्यातलं 'ओरायन' नावाचं वाद्यांचं गाणं मधेच तुटायचं आणि शेवटचं गाणं तर त्या कॅसेटमध्ये नसायचंच. आम्ही कितीतरी दिवस समजत होतो की 'ओरायन' तसंच अर्धवट आहे, मुद्दाम केलेलं आहे, आणि त्याच्यावर मोठमोठ्या चर्चा झोडायचो.

आता अख्खं जग खिशात आहे, तरी पोरं अल्बम पूर्ण ऐकत नाहीत. तिसऱ्या गाण्यावरच मत तयार. दिल्लीच्या ब्लडीवूडचा 'नू दिल्ली' २०२५ च्या मेमध्ये आला, त्या संध्याकाळीच ठेल्यावर फैसला झाला होता की २०२२ चा 'रक्षक' याच्यापेक्षा भारी. माझंही मत तेच पडलं, पण मी निदान दोन वेळा शेवटपर्यंत ऐकून मग सांगितलं. ढोल, पंजाबी बोल आणि जड गिटार एकत्र करणारा हा बँड २०१९ साली जर्मनीत वाकेनच्या मंचावर वाजवून आला. तेव्हा इथल्या बहुतेक लोकांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता याद्यांकडे येऊ. आमच्या तरुणपणी बाहेरचा मोठा बँड भारतात येणं म्हणजे धूमकेतू दिसण्याइतकं दुर्मीळ. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले आणि नागपुरातून गेलेली पोरं परत आली ती आठवडाभर बसक्या आवाजात बोलत होती. २०११ च्या ऑक्टोबरात मेटॅलिकाचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, मैदानात मोडतोड झाली, आणि दोन दिवसांनी बेंगळुरूचा झाला. ज्यांनी दिल्लीची गाडी सोयीची म्हणून गुडगावचं तिकीट काढलं होतं, त्यांचे चेहरे अजून आठवतात. आज तसं राहिलं नाही. २०२३ च्या जानेवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा महोत्सव सुरू झाला, पहिल्या वर्षी इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स. पुढच्या वर्षी स्टिंग. २०२५ च्या मार्चमध्ये ग्रीन डे. त्याच वर्षी जानेवारीत कोल्डप्लेनं नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम केले, मेमध्ये गन्स एन रोझेस आले, या खेपेला स्लॅशसकट. २०२६ च्या जानेवारीसाठी लिंकिन पार्कचं नाव जाहीर झालं तेव्हा नाव बदला म्हणणाऱ्या माझ्या भाच्यानं सर्वांत आधी तिकीट काढलं. त्यावरून त्याला आम्ही अजून सोडलेलं नाही.

या सगळ्यात नागपूर कुठं आहे? मध्यभागी. झिरो माइलचा दगड आमच्याच गावात. देशातला प्रत्येक माल आमच्यावरून जातो, बँडही आमच्यावरूनच जातात, फक्त तीस हजार फुटांवरून. पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या गाजलेल्या महोत्सवाचं नाव एनएच सेव्हन वीकेंडर. जुना सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणजे वाराणसी ते कन्याकुमारी. तो नागपुरातून जातो, पुण्याच्या आसपासही फिरकत नाही. नाव आमच्या रस्त्याचं आणि लॉन पुण्याचं, असा हा कारभार.

म्हणून इथं नेहमीची मागणी होते की नागपूरलाही लिंकिन पार्क आणा, जामठ्याच्या स्टेडियमवर पंचेचाळीस हजार माणसं मावतात, समृद्धीनं आता मुंबईपर्यंत सरळ रस्ता झालाय, काय अडचण आहे? ही मागणी मी करणार नाही. तेवढ्या तिकिटाचे पैसे देणारी तेवढी माणसं नागपुरात गोळा होणार नाहीत, आणि आयोजक काही धर्मशाळा चालवत नाहीत. ज्याला जायचं तो रात्री दुरांतोत बसतो आणि सकाळी सीएसएमटीला उतरतो. तिकीट, गाडी, राहणं, खाणं मिळून पाच आकडी रक्कम जाते, ती ज्याची त्यानं जमवावी. माझा मुद्दा त्या पोस्टरच्या दुसऱ्या टोकाचा आहे.

महोत्सवाचं पोस्टर कधी नीट पाहा. वर दोन-तीन नावं एवढाल्या अक्षरांत. त्याखाली जरा लहान, मग आणखी लहान, आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत चार-पाच नावं. आमचे सगळे वाद वरच्या दोन ओळींचे. तळच्या ओळीतला बँड भर उन्हात तीन वाजता वाजवतो, तेव्हा लोक फाटकावर हाताला पट्टा बांधून घेत असतात. पण रॉकची शेती त्या तळच्या ओळीत होते. ब्लडीवूडही कधीतरी त्याच ओळीत होते. मुंबईत आज मोठे बँड येतात, कारण तिथं चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी तळची ओळ लिहायला सुरुवात केली.

१९८६ साली फरहाद वाडियांनी मुंबईत इंडिपेंडन्स रॉक सुरू केलं. ऑगस्टमधला हा कार्यक्रम, आय-रॉक म्हणून ओळखला जाणारा, वर्षानुवर्षं धोबीतलावच्या रंगभवनात झाला. रंगभवन हे राज्य सरकारचं उघडं नाट्यगृह. १९७८ पासून तिथं जाझ यात्रा भरायची, मग रॉकची पोरं आली. मंच होता, जागा परवडणारी होती, रेल्वे स्टेशन जवळ होतं. रॉक मशीन हा बँड त्याच काळातला. महेश तिनईकरांची गिटार आणि उदय बेनेगलचा आवाज. आधी बाहेरची गाणी वाजवली, मग १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, पुढे इंडस क्रीड असं नाव घेऊन एमटीव्हीवर पोचले. बाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, म्हणून शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनातले कार्यक्रम थांबले आणि मुंबईच्या बँडांचं घर गेलं. पुढं आय-रॉकही थांबलं आणि २०२२ च्या नोव्हेंबरात माझगावला पुन्हा झालं. एका सरकारी उघड्या मंचानं किती काय उभं केलं, ते यातून दिसतं. मंच नसता तर तिनईकर कुठं वाजवत बसले असते?

आणि हे काही महानगरांचंच काम नाही. रॉक स्ट्रीट जर्नल हे या देशातलं सर्वांत महत्त्वाचं रॉक मासिक १९९३ साली निघालं ते अलाहाबादहून. अमित सैगल आणि शेना गमात यांनी तिथं बसून ते चालवलं, आणि त्यातूनच पुढं ग्रेट इंडियन रॉक हा महोत्सव उभा राहिला. शिलाँगमध्ये लू माजॉव हे गृहस्थ १९७२ पासून दर वर्षी २४ मेला बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतात. नागालँडात डिसेंबरच्या हॉर्नबिल महोत्सवात रॉकच्या स्पर्धा झाल्या. मेघालय सरकार तर स्थानिक कलावंतांना सार्वजनिक जागी गायला-वाजवायला मानधन देतं. अलाहाबादला जे सुचलं ते नागपूरला सुचायला कुणाची हरकत आहे?

हरकतीचं बोलतो. पहिली हरकत असते की हे आपलं संगीत नाही, ही कॉन्व्हेंटात शिकलेल्या श्रीमंतांची थेरं. हे वाक्य मला लकडगंजात उभं राहून ऐकायला लागतं, तेव्हा मला टोनी आयोमी आठवतो. बर्मिंगहॅमचा हा पोरगा सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताची मधली आणि त्याशेजारची अशा दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. हा गिटारवादक आगीत भाजलेल्या हातानं, दोन बोटांनी वाजवायचा. मग आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्याला कातडं लावलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढं त्या सैल सोडून खालच्या सुरात वाजवायला लागला. त्या बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, पहिला अल्बम १९७० सालचा. जगात ज्याला हेवी मेटल म्हणतात, त्याचा जड आवाज हा असा एका कामगाराच्या तुटलेल्या बोटांतून आला. त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला. २०२५ च्या ५ जुलैला त्यानं शेवटचा कार्यक्रम त्याच अ‍ॅस्टनमधल्या व्हिला पार्कच्या मैदानावर केला आणि २२ जुलैला तो गेला.

ही गोष्ट मी आमच्या मिस्त्रींना सांगितली. ते भंडाऱ्याकडचे, तीस-एक वर्षं करवतीसमोर उभे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं दुसऱ्या पेरापासून नाहीत. आमच्या भागात अशी बोटं नवलाची नाहीत. आता मशीनला गार्ड आले, पण जुन्या माणसांचे हात पाहिले की कळतं, कोण कुठल्या काळात कामाला लागला. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "तो गिटार वाजवते, मी रंधा मारतो. हिसाब बराबर."

त्याच मिस्त्रींकडे भाच्याच्या बँडमधल्या पोरानं एकदा त्याची गिटार आणली होती, मान वाकली म्हणून. त्यांनी तारांखालच्या पट्टीवर नख फिरवलं, वास घेतला आणि सांगितलं, "शिसवी आहे. पॉलिश तेवढं हलकं मारलं." बरोबर होतं. ब्राझीलचं रोजवूड दुर्मीळ होत गेलं तसं जगभरच्या गिटारवाल्यांनी आपलं शिसवी उचललं. २०१७ मध्ये या जातीच्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली, तेव्हा गिटार बनवणाऱ्या कंपन्या रडकुंडीला आल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे ज्या गिटारवर ते परदेशी संगीत वाजतं, तिच्या मानेवर बऱ्याचदा आपल्याच जंगलातलं झाड असतं. आमच्या नागपूरचं सागवान दिल्लीच्या नव्या संसद भवनात गेलं, त्याचा आम्हाला अभिमान. मग गिटारवाल्या पोरालाच उपरा का ठरवायचं?

हा भाच्याचा बँड आमच्या वखारीमागच्या गोदामात सराव करतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना भुशाची पोती लावली आहेत. ड्रम वाजला की पोत्यांतून बारीक भुसा झडतो आणि पाचही पोरं शिंकत शिंकत वाजवतात. एकदा मागच्या घरचे काका तक्रार घेऊन आले. दिवसभर त्यांच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर आरा मशीन किंचाळते, त्याची त्यांना सवय झालेली. संध्याकाळी सात ते नऊ गिटार मात्र सहन होत नाही. "तो धंद्याचा आवाज आहे, हा टवाळकीचा," असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना चहा पाजला. त्यांच्या त्या वाक्यात सगळं आलं असं मला वाटतं. आपल्याकडे आवाज मोजायचं यंत्र वेगळं आणि माणसाच्या कानातलं यंत्र वेगळं.

पोरांकडे स्वतःची सहा-सात गाणी आहेत. एक मे महिन्यातल्या उन्हावर, एक मध्यरात्री ट्रकमधून बल्ल्या उतरवणाऱ्या हमालांवर. भाषा आमची नागपुरी, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. सगळी चांगली नाहीत. हमालांवरचं मात्र खरंच चांगलं आहे, त्यात मधे करवतीचा सूर गिटारवर धरलाय. हे वाजवायचं कुठं? एका लग्नाच्या लॉनवर बोलावलं, तिथं मालक म्हणाला सिनेमातली वाजवा. एका स्पर्धेत अट होती की माहितीतलंच गाणं हवं. व्हीएनआयटीच्या आरोहीसारखे कॉलेजांचे महोत्सव आहेत, पण ते कॉलेज आहे तोवर. पदवी हातात पडली की बँड संपला. ड्रमवाला पुण्याला नोकरीला, गिटारवाला हैदराबादला. मी असे किती बँड उगवताना आणि मावळताना पाहिलेत. त्यांच्यात गुण कमी होते म्हणून ते मावळले नाहीत.

दुसरी हरकत: पैसा कुठून आणायचा? नागपुरात सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी पैसा आणि जागा नाही, असं निदान मला कुणी सांगू नये. नितीन गडकरींच्या पुढाकारानं २०१७ पासून खासदार सांस्कृतिक महोत्सव होतो, ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर खुर्च्या कमी पडतात. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र सिव्हिल लाइन्समध्ये आहे, ते दर वर्षी वसंतराव देशपांड्यांच्या स्मृतीत समारोह करतं. वसंतरावांना त्यांच्या काळी कुठल्या घराण्याच्या चौकटीत बसवावं हे धड कुणाला ठरवता आलं नव्हतं, हेही जाता जाता आठवावं. रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं दोन हजारांचं महापालिकेचं सभागृह आहे. भटसाहेबांनी तर आयुष्यभर बंडखोरीच केली. मंच आहेत, ध्वनियंत्रणा आहे, मांडववाले आहेत. उणीव एका ओळीची आहे.

तिसरी हरकत ध्वनिप्रदूषणाची. कायदा स्पष्ट आहे. २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या शंभर मीटरांत शांतता क्षेत्र, आणि वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं. मी ती मुभाही मागत नाही. दुपारी चार ते रात्री आठ. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीतून, बुधवारीतून जो आवाज निघतो, त्याच्या निम्म्यातही आमचं भागेल. मारबत पाहायला माणसं किती लोटतात ते सगळ्यांना माहीत आहे. नागपूरकराला मोठ्या आवाजाचं वावडं आहे हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

कुणाला वाटत असेल की इंग्रजीच गातील, तर तेही नाही. मुंबईचा अभंग रिपोस्ट तुकोबांचे अभंग गिटार आणि ड्रमवर घेऊन गावोगाव जातो. धम्म विंग्ज हा बँड बुद्ध आणि बाबासाहेबांची गाणी रॉकमध्ये गातो. दीक्षाभूमीच्या गावाला यापेक्षा जवळचं काय हवं?

आता दोन शब्द आपल्या टोळ्यांना, म्हणजे नागपुरात इकडेतिकडे रविवारी याद्या घेऊन उभ्या राहणाऱ्या सगळ्यांना. मुंबईच्या तिकिटाला पाच आकडे मोजायचे आणि गावातल्या पोरांच्या कार्यक्रमाला दोनशे रुपये मागितले की "पास नाही का?" विचारायचं, हे बंद करा. टूल आले तर मीही जाईन, पहिल्या गाडीनं जाईन. पण टूलला तुमच्या दोनशे रुपयांची गरज नाही. गोदामातल्या पोराला तारांचा नवा संच घ्यायचा असतो, त्याला आहे. आणि ऐकून झाल्यावर वाईट वाजवलं असेल तर तोंडावर सांगा, जसं '७२ सीझन्स'ला सांगता. फुकटच्या कौतुकानं बँड वाढत नाही.

आणि एक विनंती महोत्सवांच्या संयोजकांना. तुमची वरची नावं तुम्ही ठरवा, त्यात आमची ढवळाढवळ नाही. पुढची यादी छापायला जाईल, तेव्हा तळाशी एक ओळ विदर्भातल्या, स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या बँडांसाठी मोकळी सोडा. अक्षर मुंगीएवढं चालेल, वेळ दुपारी चारची चालेल, मे सोडून कुठलाही महिना चालेल. निवडीसाठी गाणी ऐकायला माणसं हवी असतील तर आमची टोळी रविवारी सकाळी लकडगंजात मोकळीच असते. अर्ज कुणाकडे द्यायचा तेवढं जाहीर करा.